ज्याच्या घरी म्हातारं माणूस असन, तोच पाहुणा ठेवन

आमच्या गावचा कायदा मी केला बरं! पांढरकवड्याकडं वाघ पाहाले लोकं येतात, त्यायले माही सून एक-दोन रात्रीपुरती खोली भाड्यानं देते. बाजूचं घर नागपूरच्या एका पोट्ट्यानं घेतलं. तो राहे तिकडं, अन् इथं त्याचे भाड्याचे पाहुणे रातभर धिंगाणा घालत.

ग्रामसभेत सरपंच म्हणे, "साऱ्याच खोल्या बंद!"

सुनेचं तोंडच उतरलं. मी उठली. "काहून बंद? माह्या घरी दंगा झाला का कधी? ज्या घरात म्हातारं माणूस राह्यते, त्यानंच पाहुणा ठेवावा."

सारे हात वर झाले.

नागपूरवाला म्हणे, "आजी, मंग मी काय करू?"

"बापू, मायले घेऊन ये."

आणली ना त्यानं! आता जेवणं झाली की त्या घरातून एकच आवाज येते, "झोपा रे पोट्टेहो!"