गढूळच हवी!

...गढूळ! म्हणे गढूळच हवी! अहो, तुम्हाला सांगतो, सगळी हयात मी कॉलेजात किण्वन शिकवलं, म्हणजे धान्य कसं आंबतं, का आंबतं, कधी नासतं... आणि पोरांना एकच सांगत आलो, बाबांनो, गढूळ दिसलं की ओतून द्या! आणि आता आमची कन्या बँकेतली नोकरी सोडून, भाड्याच्या गाळ्यात टाकी बसवून बिअर करते, आणि दारातल्या फळ्यावर खडूनं काय लिहिते? 'गढूळ! शनिवारी उद्घाटन!'

मी म्हटलं, "अगं, आमच्या वेळी बिअर म्हणजे पिवळी, थंड, आरपार. मागवायची, प्यायची, गप्प बसायचं." तर म्हणते, "बाबा, आता लोक पीत नाहीत, चव घेतात." आणि घेतात हो! तिचा एक दाढीवाला मित्र ग्लासात नाक खुपसून म्हणतो, "अंऽऽ... संत्र्याची साल... आणि मागून जरा ओलं गवत." अरे, गवतच हवं तर बागेत लोळ की!

तर गुरुवारी पोरगी गेली ग्लास आणायला, मी राखणीला. शिडीवर चढून टाकीत डोकावलो... अहो, भांडी विसळलेलं पाणी! गढूळ म्हणजे किती गढूळ? नासली! मला खात्री होती. म्हणजे... बऱ्यापैकी. पोरीची सगळी पुंजी त्या टाकीत, परवा माणसं येणार, आणि बाप किण्वनात डॉक्टरेट केलेला, तो काय नुसता बघत बसणार? गाळ तळाशी बसवणारी पूड कपाटात होतीच. चमचा टाकीवर धरला, आणि हात लागला थरथरायला... काळजी वाटली की थरथरतो तो, त्याची गोळीही आहे... थोडी पूड टाकीत, थोडी शर्टावर, थोडी चष्म्यावर. पण काम चोख! मला खात्री होती. म्हणजे... बऱ्यापैकी.

शनिवारी गाळा खच्चून भरला. पोरीनं तोटी फिरवली. पहिला ग्लास निव्वळ चिखल, तिचा चेहरा खुलला! दुसरा... लख्ख. पलीकडचा दाढीवाला त्यातून स्पष्ट दिसत होता. "बाबा..." ती इतक्या हळू म्हणाली की मी शर्ट झटकायला लागलो. बायको कानात, "अहो, एवढं शिकलात, निदान विचारायचं तरी!"

दाढीवाल्यानं घोट घेतला, डोळे मिटले. म्हटलं, आलं आता गवत! तर ओरडतो काय, "यात कशाचाच वास नाही! नुसती बिअर! हे हल्ली कुणी करतच नाही!" झालं! जो तो ग्लासाआडून फोटो काढतोय, आणि संध्याकाळी टाकी कोरडी! पोरीनं 'गढूळ' पुसून 'आरपार' लिहिलं. म्हटलं, सुटलो. मला खात्री होती...

कसला सुटतोय! पुढच्या खेपेला तिनं पूड मोजूनमापून टाकली. धड गढूळ नाही, धड आरपार नाही. मग मी टाकली, छाती पुढे काढून, अगदी ठाम हातानं. तेच! शेवटी पोरीच्या ध्यानात आलं. आता दर गुरुवारी मी शिडीवर, आणि ती खालून ओरडते, "बाबा, नीट काळजी करा बघू! समजा, नासलीच असेल तर?" की झाला हात सुरू! आणि सकाळी चहाबरोबर बायको बजावते...

"अहो, आज गोळी घेऊ नका हं, टाकी भरलीय."