अच्युतशेटचा दुसरा कागद

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेत त्यांनीही ऐका, झोप घरी आहेच! एक प्रश्न विचारतो. जगानं आपल्याला काय केलं, हे आपल्याला तोंडपाठ असतं. कोणी लग्नात मान दिला नाही, कोणी बांध सरकवला — तारखेसकट सांगू! पण आपण जगाला काय केलं? त्याची एक तरी तारीख आठवते का?

तर ऐका. खाडीच्या वरच्या अंगाला अच्युतशेट वालावलकरांचा काजूचा कारखाना. बी भाजायची, फोडायची, गर काढून परदेशी पाठवायचा. चौसष्ट बायका कामाला. माणूस सज्जन. पगार वेळेवर, वर्षाला कारखान्यात सत्यनारायण, आणि शेट स्वतः शिरा वाढणार. तुम्ही म्हणाल, बुवा, मग ह्यांची गोष्ट कीर्तनात कशाला? अहो, दुर्जनाची गोष्ट ऐकून आपण सुटतो. म्हणतो, आपण काही तसे नाही. सज्जनाची ऐकली की सुटायला जागा नाही!

शेटना एकच काळजी होती. बायका टिकेनात. हात बसलेली बाई सहा महिन्यांत काम सोडायची. कारण विचारलं तर म्हणायची, घरी अडचण आहे. शेवटी शेटनी मनाशी ठरवलं, कारखाना उचलायचा आणि घाटावर न्यायचा. जागाही बघून ठेवली. बोलले मात्र कोणाला नाहीत.

त्याच सुमारास परदेशी गिऱ्हाइकाचं पत्र आलं. पुढच्या वर्षी आम्हाला माल विकायचा असेल, तर तुमच्या कंपनीचा डबल मटेरिॲलिटीचा आढावा पाठवा. घाबरू नका, मंडळी! मलाही आधी ते खोकल्याच्या औषधाचं नाव वाटलं. शेटकडे ऋजुता कोचरेकर म्हणून हुशार बाई नोकरीला होत्या. त्यांनी सोपं करून सांगितलं. दोन कागद घ्यायचे. एकावर लिहायचं, बाहेरच्या जगामुळे आपल्या धंद्याला काय काय धोका आहे. दुसऱ्यावर, आपल्या धंद्यामुळे बाहेरच्या माणसांना, पाण्याला, हवेला काय काय होतं. जे सगळ्यात जड, ते सगळ्यात वर. आणि दोन्ही कागद समोर ठेवून पुढच्या वर्षांचं धोरण ठरवायचं.

पहिला कागद शेटनी चहा निवायच्या आत भरला. मोहोर गळतो, पाऊस अवेळी येतो. आणि सगळ्यात वर — कामगार टिकत नाहीत. दुसरा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, ‘विशेष काही नाही.’

ऋजुताबाईंनी तो कागद वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, हा कागद तुम्ही भरायचा नाही. ज्यांना होतं, त्यांनी भरायचा.”

शेटना ते लागलं. पण माणूस सरळ, म्हणून उठले. गावात घरोघर गेले. त्यांना वाटत होतं, भोंग्याचा त्रास होत असेल. लोक म्हणाले, भोंगा राहू दे, आमची पोरं त्याच्यावर शाळेला निघतात! धुराचं मात्र सांगितलं. वाळत घातलेले कपडे काळे होतात, म्हणाले. शेटनी लिहून घेतलं. मग आले बी फोडायच्या शेडमध्ये, आणि बायकांच्या बाकावर बसून विचारलं, माझ्या कारखान्याचा तुम्हाला त्रास काय?

पहिल्या दोघी म्हणाल्या, काही नाही. शेवटी द्रौपदीबाय परब, टिकलेल्या मोजक्या बायकांपैकी, एकोणीस वर्षं कामाला असलेली, हातातलं काम न थांबवता म्हणाली, “शेट, इचारलात म्हणान सांगतंय. नातीची वेणी घालूक गेलंय, तर ती म्हणता, आजी नको, तुझे हात टोचतत.”

आणि तिनं तळवे पुढे केले. मंडळी, काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. तळवे काळे, चिरलेले, बोटांची सालं निघालेली. शिरा ह्या बायका चमच्यानं खायच्या. शेटना इतकी वर्षं वाटायचं, काय टापटीप आहे! बोट ओठाला लागलं की ओठ भाजतो, म्हणून तो चमचा होता.

शेट खोलीत परतले, दुसऱ्या कागदावर सगळ्यात वर लिहिलं, ‘हात भाजतात.’ दोन्ही कागद शेजारी ठेवले. कामगार टिकत नाहीत. हात भाजतात. दोन्ही ओळींवर बोट ठेवलं, आणि ऋजुताबाईंना हळूच म्हणाले, “मी कारखाना घाटावर नेणार होतो. पण तिथल्या बायकांनाही हातच असणार ना?”

तिथे धोरण ठरलं! घाटावरच्या जागेचा विचार सोडला. बी भाजायचा जुना ड्रम काढला, वाफेवर उकडायची यंत्रं आणली. धूर कमी झाला, फोडताना उडणारं तेलही कमी झालं. हातमोजे आणले, ते बायकांनी फेकून दिले — बी निसटते म्हणे. दुसरे आणले, तेही फेकले. तिसऱ्या वेळी शेटनी शहाणपणा केला, द्रौपदीबायलाच दुकानात नेलं! हात धुवायची, एरंडेल लावायची वेळ कामाच्या तासांत धरली. सगळं साधलं असं नाही. वाफेला पाणी जास्त लागतं, आता त्याची नवी ओळ दुसऱ्या कागदावर आली आहे. पण पुढच्या हंगामात चौसष्टांपैकी साठ बायका परत आल्या, आणि सोडून गेलेल्या सात जणी आपणहून विचारत आल्या. परदेशातून पसंतीचं पत्र आलं. शेटनी ते एकदा वाचून खणात ठेवलं, आणि शेडमध्ये बाकावर जाऊन बसले. म्हणाले, अजून काय? बायका म्हणाल्या, पंखे! आणि शेट पोटभर हसले.

आता मंडळी, हसलात, छान झालं. पण तुमचा दुसरा कागद कोणी भरला आहे? तुम्हीच ना? आणि लिहिलंय काय — विशेष काही नाही! मग एक करा. उद्या सकाळी घरातल्या एकाच माणसाला विचारा, बायकोला, सुनेला, म्हाताऱ्या वडिलांना, की माझा तुला त्रास काय होतो? आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. पहिल्यांदा म्हणतील, काही नाही. तरी बसून राहा. देव तिथेच, त्या गप्प बसण्यात, तुमच्या शेजारी येऊन बसेल. घ्या त्याचं नाव.