टिबुकलीची तीन पिल्लं

हळू बोला की पावणं. डोळ्यांचं काय बी झालं असलं तरी कान शाबूत हायत त्यांचं — आन् पाण्यावरनं आवाज लांब जातोय. या, इकडं दगडावर बसा. — व्हय, कळलं मला तुम्ही काय इचारताय ते. समोर काय बी न्हाय, मग ते म्हातारं कॅमेरा लावून कशाचं फोटो काढतंय, तेच न्हवं? नवरा हाय माझा. जोतीराम नाव. आन् समोर काय न्हाय हे मला बी दिसतंय. त्यास्नी दिसत न्हाय, एवढंच.

न्हाय ओ, आंधळं न्हाईत. कडंकडंचं दिसतंय — दार, भिंत, माणूस आला-गेला. नजरंच्या मधोमध डाग पडलाय. जे बघाय जातील नेमकं तेच पुसलं जातंय. माझ्याकडं बघितलं तर कान दिसत्यात, तोंड न्हाय. कागलच्या एमआयडीसीत जन्म गेला त्यांचा, तयार पार्ट तपासायला — केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढायचं. असली नजर. रिटायर झाल्यावर मग ही लेन्स घेतली, वर एक्स्टेंडर घेतला — ते बघा, कॅमेरा आन् लेन्सच्या मधी बुटकं नळकांडं. त्यानं लांबचं आणखी जवळ येतंय. तुमच्याकडं बी हाय? मग म्हाईत असंल तुमास्नी, त्यानं फोटो जरा मऊ येतोय म्हणत्यात, उजेड बी खातंय. तिथंच तर घोटाळा झाला.

ह्यास्नी नाद एकच — टिबुकलीची पिल्लं. टिबुकली म्हंजे मुठीएवढं पाखरू, बघता बघता बुडी मारतंय आन् भलतीकडंच वर येतंय. पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरत्यात, पंखातनं नुसती मुंडी भाईर, डोक्यावर पट्टं. आई आपलीच पिसं उपटून चारती त्यास्नी — मला खोटंच वाटायचं, ह्यांनी फोटोत दाखवलं तवा पटलं. तर गेल्या पावसाळ्यात हे रोज घरी येऊन कुरकुरायचं. एक्स्टेंडर बिघडलाय, पिल्लाचा डोळा टिपत न्हाय, सगळं धुरकट येतंय. पुसून झालं, दुरुस्तीला देऊन झालं. दुकानदार म्हणला, ह्याला काय बी झालेलं न्हाय. ह्यांचा इश्वास बसंना. एक दिवस मला हाक मारली — "बना, बघ जरा, ह्याला फोटो म्हणायचं काय?" मी गेलो. कॉम्प्युटरवर पिल्लू एवढं थोरलं, चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब, डोळा असा लखलखीत. पीस न् पीस येगळं दिसत हुतं. लई चांगला फोटो हुता पावणं. आन् मी भ्यालो. म्हटलं, "अहो, फोटो चांगला आलाय." मग हात लांब करून त्यांनी कॉम्प्युटर बंद केला — हळूच, झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार लावावं तसा.

डॉक्टरनं सांगितलं, राहिलंय तेवढं टिकवू, गेलंय ते येणार न्हाय. इंजेक्शनं झाली. म्हटलं ठीक हाय, मी हाय की तुमचं डोळं. गेल्या साली राहिलेलं दिस आमी दोघांनी काढलं असं — मी मागनं सांगायचो, डावीकडं, जरा खाली, थांबा, वर आली बघा — हे लेन्स फिरवायचं, आन् नेमकं टिपायचा कॅमेरा. घरी गेलं की फोटोत काय हाय ते मी सांगत बसायचो. बरं चाललं हुतं म्हणा की.

मग औंदा तळ्याच्या ह्या कडंची पाणकणसं, ते उंच पाणगवात, काढली. मशीन आणून सगळी साफ. वाईट केलं असं तरी कसं म्हणू, पाणी घाण झालं हुतं, गावाची तक्रार हुती. पर टिबुकलीचं घरटं त्यातच तरंगत असतंय ओ. ती आलीच न्हाय. पयल्या दिवशी मी खरं सांगितलं — न्हाय दिसत. दुसऱ्या दिवशी बी तेच. तर हे म्हणलं, माझ्यापायी तुला उगंच बसावं लागतंय, ऱ्हाऊ दे. कॅमेऱ्याची बॅग कपाटावर टाकली. आन् मग सोप्यात खुर्ची भिंतीकडं करून बसलं. जेवाय बोलावलं तर जेवायचं, न्हाईतर न्हाय. ती पाठ बघवंना मला. एका सकाळी म्हटलं, चला की, एकदा बघून येऊ. आन् हितं आल्यावर माझ्या तोंडातनं निघून गेलं — अहो, आली! पाठीवर तीन हायत!

तुम्ही बघाय पायजे हुतं त्यास्नी तवा. घरी जाऊन दोन भाकरी खाल्ल्या.

पर आता काय करू सांगा. पिल्लं काय तशीच ऱ्हात न्हाईत. ह्यास्नी सगळं ठावं हाय — किती दिसांनी पाठीवरनं उतरत्यात, कवा बुडी शिकत्यात. "तिसरं मागं पडतंय का?" इचारत्यात. घारीनं नेलं म्हणावं तर जीभ वळत न्हाय. आता मोठी झाली म्हणून सांगतोय. म्हंजे उडून जाणार. मग? मग परत खुर्ची भिंतीकडं. तुम्ही फिरताय सगळीकडं — कुठं दिसली काय ओ टिबुकली? रंकाळ्याला? शाहूवाडीकडं एखाद्या तळ्यात? कुठं बी असू दे, मी नेतो त्यास्नी. — न्हाय? बरं.

फोटोत काय आलंय ते ह्यांनी इचारायचं सोडलंय अलीकडं. बरंच झालं म्हणा, मला तरी कुठवर सुचणार. काल मी कॅमेरा पुसाय घेतला, तर आत फोटो साठवायचं कार्डच न्हाय. कॉम्प्युटरला लावलेलं तसंच हाय, वर धूळ बसलीया. कार्ड नसताना बी टकटक वाजतोयच की तो. इसरलं असतील. वय झालं आता. — तसं इसरायचं माणूस न्हवं ते. घरातनं निघताना कुलूप दोनदा ओढून बघत्यात. आन् काल वाटंनं मलाच म्हणलं, तू हितं बसलीस की तुला बरं वाटतंय, न्हवं?

इसरलंच असतील.

थांबा, बोलावलं. — व्हय ओ, हाय की मी, हितंच हाय! डावीकडं घ्या जरा.

जावा तुम्ही आता. तिकडनं जावा, मागनं. बूट वाजवू नका.