सीताफळांखालचा पाला

अरे, बुरशी ओळखायच्या नादात माझ्या लॅबमध्ये त्या दिवशी मारामारीच व्हायची बाकी होती. धारूरचे ज्ञानोबा सीताफळाची बाग करतात आन शेठ त्यांचा माल घेतात. माल पेटीतच काळा पडून सडला होता.

"सड बागेतूनच आली," शेठ म्हणाले.

"तुमच्या गोदामातून आली!" ज्ञानोबा अंगावरच धावले.

"बसा आधी," मी दरडावलं. फळावरची बुरशी आन पेटीत अंथरलेल्या पाल्यावरची बुरशी मायक्रोस्कोपखाली पाहिली. दोन्ही एकच.

शेठनं डोळा लावला आन ते ओरडले, "पाला तर ह्यांच्याच झाडाखालचा!"

ज्ञानोबा हळूच म्हणाले, "व्हय. पण गवत नको, झाडाखालचा पालाच अंथरा, असं दर तोडीला फोनवर कोण सांगतंय, शेठ?"

शेठनं परत मायक्रोस्कोपला डोळा लावला, तो काय काढंचनात.