आवाज बंद केलेला सिनेमा

डोळ्यांच्या दवाखान्यात, आवाज बंद केलेल्या टीव्हीवर, जुना प्रेमाचा विनोदी सिनेमा लागला होता. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या आजोबांना आजी तो सांगत होत्या. नर्सला तो तोंडपाठ होता.

“हिरो मागे लागलाय. ती म्हणतेय, आधी मला विचार.”

“छे, ती लाजून पळते.”

“थिएटरात तुम्ही तेव्हा घोरत होतात.”

“सिस्टर, खरं सांगा.”

“आजी सांगतायत तसंच आहे,” पडद्यावर लाजून पळणाऱ्या हिरॉइनकडे बघत नर्स म्हणाली.

“मग विचारतो का तो?”

“विचारतो की. चांगला हात जोडून,” आजी म्हणाल्या.

“मी कुठं तुला विचारलं होतं?”

“माझ्या वडलांना विचारलंत.”

“आता विचारू?”

“पट्टी सुटू दे. उत्तर देताना माझं तोंड दिसायला हवं तुम्हाला.”