सिमेंटची पत्रिका

अरे, कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागंल! कागलला तात्यांचा बंगला बांधतोय न्हवं मी? सिमेंट बनवताना हवेत किती कार्बन जातो, त्याचा कागद मला पाहिजे होता. कंपनी महिनाभर दाद देईना. तात्यांना म्हटलं, "सिमेंटची जन्मपत्रिकाच समजा. कमी कार्बनवालं सिमेंट घेऊ, मगच स्लॅब टाकू."

तात्यांनी बांधकामावरनंच त्या कंपनीचं सिमेंट विकणाऱ्या, कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या अण्णांना फोन लावला. "अण्णा, पत्रिका धाडा. जुळली की बार उडवू!"

जरा वेळानं तात्यांचा मोबाईल वाजला. अण्णांच्या पोराची पत्रिका, सुटातला फोटो आणि खाली लिहिलंय, "मुलगा निर्व्यसनी." तात्यांची पोरगी लग्नाची हाय न्हवं! मी वाळूच्या ढिगावर बसून हसतोय, आणि तात्या फोटो निरखून बघतायत. मग परत फोन.

"अण्णा, पोरगं झ्याक हाय. पन मी सिमेंटची मागितलीया. तिच्यात कार्बन कमी निघाला, तरच फुडं बोलू!"

गड्यांनो, महिनाभर अडलेला कागद तासाभरात हजर! कार्बन बी सगळ्यांत कमी. रविवारी स्लॅब हाय. आता पोरगी काय म्हणतीया, तेवढंच राहिलंय.