तिसऱ्या स्प्रिंटमधली चिठ्ठी

(निंबोल्याची केळीची बाग. बुरहानपूरच्या कॉलेजातल्या सुनंदा मॅडम आणि त्यांचा विद्यार्थी लीलाधर बांधावर उभे आहेत. बागेच्या मालकीण सोजरबाई पाणी घेऊन येताहेत.)

लीलाधर : पण मॅडम, पहिल्याच गुरुवारी मी ग्रुपवर फोटो टाकला होता ना! चार झाडं, पानांवर पिवळे पट्टे.

सुनंदा : पाहिला होता.

लीलाधर : मतलब, तुम्हाला तेव्हाच समजलं होतं?

सुनंदा : हरण्या रोग आहे, एवढं समजलं होतं. आमच्या घरीही केळीचीच बाग होती रे.

लीलाधर : मग बोलल्या का नाही?

सुनंदा : या प्रकल्पाच्या पद्धतीत शिक्षकानं उत्तर सांगायचं नसतं. प्रश्न खरा द्यायचा आणि मुलांना शोधू द्यायचं. तुम्ही शोधलंतही.

लीलाधर : हां, दुसऱ्या स्प्रिंटमध्ये. पंधरा-पंधरा दिवसांचे टप्पे हे, म्हणजे महिना गेला! तरी फळ्यावर ‘सोजरबाईंना सांगणे’ ही चिठ्ठी तिसऱ्या स्प्रिंटच्या खान्यात. मी म्हटलं, आजच सांगून येतो. तुम्ही म्हणालात, आधी पुरावा पक्का करा, पंधरा दिवसांत काय बिघडतंय.

सुनंदा : म्हणाले खरी.

लीलाधर : रोग पसरवणारा मावा थोडाच थांबतो मॅडम, आपल्या स्प्रिंटसाठी! आता अर्ध्या बागेत पट्टे दिसताहेत, उरलेल्या झाडांतही रोग शिरलाच असणार. मीपण गप बसलो. मार्कांसाठी, सच सांगतो.

सुनंदा : तू कशाला दोष अंगावर घेतोस? मी चुकले. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते मला.

सोजरबाई : काय खुसुरफुसुर चालू हाये गुरू-चेल्याची? घ्या, पानी घ्या. आन् लीलाधर, तुमी पोरं येऊन राह्यले तवापासून म्या कोनालेच इचारलं नाही बरं. दवाईवाला सुपडू म्हने, पान दाखवून जाय. म्या म्हटलं, कायले? दर गुरुवारी कॉलेज माह्या बांधावर येते. काही असतं त सांगतले नसते का?

लीलाधर : मावशी, ते...

सुनंदा : थांब. मी बोलते. सोजरबाई, मला दीड महिन्यापासून माहीत होतं.

सोजरबाई : काय माहीत होतं?

सुनंदा : हा हरण्या आहे. तेव्हाच ती चार झाडं उपटून गाडली असती, तर बाग वाचली असती. मी सांगितलं नाही.

सोजरबाई : मंग आता कोनती काढू? खूण करून द्या, बाई.

सुनंदा : सगळी.